कुत्र्याचा ब्लड रिपोर्ट हातात आला, आता तो वाचायचा कसा?

रक्ततपासणीचा रिपोर्ट बहुतेकदा आधी मोबाइलवर येतो आणि डॉक्टरांशी बोलणं नंतर होतं. मधल्या काही तासांत घरचं माणूस लाल अक्षरातले आकडे शोधतं, एकेक नाव इंटरनेटवर टाकतं आणि जीव टांगणीला लागतो. ‘एएलपी वाढलंय’ टाकलं की यकृताचा कॅन्सर समोर येतो, ‘क्रिएटिनिन जास्त’ टाकलं की किडनी निकामी झाल्याचं वाचायला मिळतं. हा लेख त्या मधल्या तासांसाठी लिहिला आहे. निदान डॉक्टरच करतील. पण कुठला आकडा काय सांगतो, काय सांगू शकत नाही आणि डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं, एवढं यातून कळावं.

सुरुवात प्रत्येक आकड्याशेजारी छापलेल्या नॉर्मल रेंजपासूनच करू, कारण निम्मी घबराट तिच्यामुळेच होते. ही रेंज ठरवताना बऱ्याच निरोगी कुत्र्यांचं रक्त तपासतात आणि त्यातल्या मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे ज्या पट्ट्यात येतात, तो पट्टा ‘नॉर्मल’ म्हणून छापतात. म्हणजे प्रत्येक तपासणीत शंभरातली पाच ठणठणीत कुत्री त्या पट्ट्याबाहेर असणारच. एका रिपोर्टमध्ये वीस वेगवेगळ्या तपासण्या असतील आणि त्या एकमेकींवर अवलंबून नाहीत असं धरलं, तर पूर्ण निरोगी कुत्र्याचा निदान एक तरी आकडा लाल दिसण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के निघते. त्यामुळे रेंजच्या काठावरून जरासा सरकलेला एकटा आकडा आणि रेंजच्या पाचपट गेलेला आकडा, दोन्हींपुढे सारखाच बाण छापलेला असला तरी त्यांचं वजन सारखं नसतं.

दुसरं म्हणजे, छापलेली रेंज कुत्र्याचीच आहे ना, हे बघा. माणसांच्या लॅबमध्ये नमुना गेला तर कधीकधी माणसांचीच रेंज छापून येते. माणसाच्या पांढऱ्या पेशी साधारण ४ ते ११ हजारांत असतात, कुत्र्याच्या ६ ते १७ हजारांत. म्हणजे १४ हजारांचा आकडा माणसाच्या मापाने ‘जंतुसंसर्ग’ वाटेल, कुत्र्यात तो सरळ नॉर्मल आहे. एककंही तपासा. क्रिएटिनिन काही लॅब मिलिग्रॅममध्ये देतात, काही मायक्रोमोलमध्ये, आणि १ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे ८८.४ मायक्रोमोल प्रति लिटर. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून ‘अचानक शंभरपट वाढलं’ असं वाटलं, तर आधी एकक बघा.

जातीचाही मोठा भाग असतो. ग्रेहाउंडच्या रक्तात तांबड्या पेशी मुळातच जास्त असतात, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स कमी असतात, थायरॉइडचा टी-४ सुद्धा कमी असतो. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलमध्ये प्लेटलेट्स आनुवंशिकतेने आकाराने मोठ्या आणि संख्येने कमी असतात. मोजणीत आकडा घाबरवणारा येतो, पण रक्त नीट गोठतं. वाढत्या वयाच्या पिल्लांत एएलपी जास्तच दिसतं, कारण वाढणारी हाडंही ते तयार करतात. रिपोर्ट छापणाऱ्या मशीनला यातलं काही ठाऊक नसतं.

नमुन्याचीच चूक तर नाही?

हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण आजाराचा विचार सुरू करण्याआधी इथे पाच मिनिटं घातली तर पुढचे कित्येक तास वाचतात.

जेवणानंतर लगेच रक्त घेतलं तर चरबीमुळे नमुना दुधाळ होतो आणि बरेच आकडे बिघडतात. म्हणून साधारण ८ ते १२ तास उपाशी ठेवायला सांगतात (लहान पिल्लं आणि मधुमेही कुत्रा यांना मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी ठेवू नका). सुई नीट लागली नाही, रक्त जोरात ओढलं, तर तांबड्या पेशी फुटतात. रिपोर्टवर ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा येतो. अकिता आणि शिबा या जपानी जातींच्या अनेक कुत्र्यांच्या तांबड्या पेशींत पोटॅशियम भरपूर असतं. त्यांच्या पेशी ट्यूबमध्ये फुटल्या की पोटॅशियमचा आकडा जीवघेणा दिसतो, आणि कुत्रा मात्र समोर शेपूट हलवत उभा असतो.

रक्त घेऊन ट्यूब तशीच पडून राहिली तर पेशी त्यातली साखर वापरत राहतात आणि ग्लुकोज खोटंच कमी येतं. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए नावाचं रसायन असतं, सहसा पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात, आणि ते कॅल्शियम बांधून ठेवतं. त्या ट्यूबमधलं रक्त चुकून दुसऱ्या ट्यूबमध्ये गेलं, तर रिपोर्टमध्ये पोटॅशियम भलतंच जास्त आणि कॅल्शियम भलतंच कमी, अशी जोडी दिसते. कुत्रा बरा असताना ही जोडी दिसली की अनुभवी डॉक्टर आधी ट्यूबवरच शंका घेतात.

प्लेटलेट्सचंही तसंच. रक्त घेताना त्यांचे पुंजके झाले तर मशीनला तो पुंजका एकेक करून मोजता येत नाही आणि आकडा कमी येतो. काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की त्या थराच्या टोकाला पुंजके दिसतात. त्यामुळे प्लेटलेट्स कमी आल्या तर पहिला प्रश्न हाच विचारा: ‘स्मिअर बघितला का?’

तांबड्या पेशी: किती आहेत आणि नव्या येताहेत का

सीबीसीमध्ये, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट म्हणजे रक्तात तांबड्या पेशींनी किती टक्के जागा व्यापली आहे. कुत्र्यात हे साधारण ३७ ते ५५ टक्के असतं. कमी आलं की ॲनिमिया. पण ‘ॲनिमिया आहे’ एवढ्यावर थांबून काहीच उपयोग नाही. पुढचा आकडा हवा तो रेटिक्युलोसाइट्सचा, म्हणजे अस्थिमज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या तांबड्या पेशींचा.

त्या भरपूर असतील तर अस्थिमज्जा कामाला लागली आहे. पेशी कुठेतरी वाया जाताहेत. एकतर रक्तस्राव होतोय किंवा शरीरातच पेशी फुटताहेत. फुटण्याची कारणंही बरीच: गोचिडांमुळे होणारा बबेसिया, कांदा-लसूण पोटात जाणं, किंवा शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या तांबड्या पेशींवर उलटणं. या शेवटच्या प्रकारात काचपट्टीवर पेशी छोट्या, गोल गोळ्यांसारख्या दिसतात आणि एकमेकींना चिकटून गुठळ्या करतात. हा आजार झपाट्याने वाढतो, त्यात दिवस घालवून चालत नाही.

रेटिक्युलोसाइट्स कमी असतील तर कारखान्यातच अडचण आहे, म्हणजे दीर्घकाळची सूज, किडनीचा जुना आजार, हार्मोनचा बिघाड किंवा अस्थिमज्जेचाच आजार. इथे एक मेख आहे. रक्तस्राव आजच सुरू झाला असेल तर अस्थिमज्जेचा प्रतिसाद रक्तात दिसायला तीन ते पाच दिवस लागतात. पहिल्या दिवशी कोवळ्या पेशी नसणं म्हणजे त्या येणारच नाहीत असं नव्हे.

पीसीव्ही जास्त आला तर बहुतेकदा शरीरात पाणी कमी पडलेलं असतं, आणि त्या वेळी एकूण प्रथिनंही सोबतीने वाढलेली असतात. पीसीव्ही खूप वर, प्रथिनं मात्र जागच्या जागी किंवा खाली, आणि अचानक रक्ताचे जुलाब, असं चित्र असेल तर तो वेगळा आणि तातडीचा प्रकार आहे. दोन आकडे जोडीने वाचले तरच हा फरक कळतो.

पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स

पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे इन्फेक्शन, हे समीकरण अर्धवट आहे. भीती, वेदना, दवाखान्यातली दगदग किंवा स्टेरॉइडचं औषध यांनीही पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट व इओसिनोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पेशी कमी होतात. याला ‘स्ट्रेस ल्युकोग्राम’ म्हणतात आणि आजारी कुत्र्यात तो दिसणं अगदी साहजिक आहे. उलट, कुत्रा खूप आजारी असूनही हा नमुना दिसत नसेल तर जाणकार डॉक्टर ॲडिसनच्या आजाराची शंका घेतात, कारण त्यात शरीरात पुरेसं कॉर्टिसोलच तयार होत नाही. रिपोर्टमध्ये एकही बाण नसताना मिळणारा हा धागा आहे. ‘बँड’ म्हणजे अपक्व न्यूट्रोफिल मोठ्या संख्येने दिसले तर मात्र गंभीर जंतुसंसर्गाचा किंवा सुजेचा विचार करावा लागतो. इओसिनोफिल जास्त असतील तर आधी जंत, पिसवा आणि ॲलर्जी.

प्लेटलेट्सची रेंज साधारण २ ते ५ लाख. पुंजके नाहीत हे पाहूनही आकडा कमी असेल तर गोचिडांमधून होणारे आजार, विशेषतः एर्लिकिया, तपासायलाच हवेत. ३० हजारांच्या आसपास किंवा खाली गेल्यावर आपोआप रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. हिरड्यांवर आणि पोटाच्या कमी केसांच्या कातडीवर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके दिसतात का, ते दिवसाउजेडी बघा.

यकृताचे आकडे

सगळ्यांत जास्त घाबरवणारे आणि सगळ्यांत जास्त गैरसमज होणारे आकडे इथले. एएलटी हे यकृताच्या पेशींच्या आतलं एन्झाइम. पोतं फाटलं की धान्य बाहेर सांडतं, तसं पेशींना इजा झाली की ते रक्तात येतं. सांडलेल्या धान्यावरून पोतं फाटलंय एवढंच समजतं. का फाटलं आणि पोत्यात अजून किती शिल्लक आहे, ते समजत नाही. म्हणून एएलटी वाढणं म्हणजे ‘लिव्हर फेल’ नव्हे. शिवाय यकृताला इजा स्वतःच्या आजारानेच होते असं नाही. आतड्याची सूज, स्वादुपिंडाची सूज, दातांचा जुना संसर्ग, काही औषधं यांचाही फटका त्याला बसतो.

एएलपी हे दुसरं एन्झाइम तर कुत्र्यांत फारच हळवं आहे. कुत्र्यांमध्ये स्टेरॉइडमुळे तयार होणारा एएलपीचा एक खास प्रकार असतो, जो मांजरात नसतो. त्यामुळे स्टेरॉइडच्या गोळ्या, इंजेक्शन, कधीकधी कानात किंवा डोळ्यांत घातलेले स्टेरॉइडचे थेंबसुद्धा एएलपी वर नेतात. फिट्ससाठी दिलं जाणारं फिनोबार्बिटोनही तेच करतं. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या यकृतात निरुपद्रवी गाठी होतात, त्यांनीही एएलपी वाढतं. स्कॉटिश टेरियरमध्ये ते मुळातच जास्त आढळतं.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, दहा वर्षांची कुत्री आहे, एएलपी रेंजच्या चौपट, एएलटी जेमतेम वाढलेलं, बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं रंगद्रव्य) आणि अल्ब्युमिन (यकृतात बनणारं प्रथिन) नॉर्मल. नुसत्या कागदावरून काही ठरत नाही. ती खातेपिते कशी, पाणी किती पिते? पाणी खूप वाढलंय, सतत धापा टाकते, पोट सुटलंय, अंगावरचे केस विरळ होताहेत, असं असेल तर कुशिंग्ज म्हणजे शरीरातच कॉर्टिसोल जास्त होण्याचा आजार शोधायला हवा. मागच्या महिन्यात खाजेसाठी स्टेरॉइड घेतलं असेल तर कारण कदाचित तिथेच आहे. यातलं काहीच नसेल आणि कुत्री मजेत असेल, तर सोनोग्राफी करून पित्ताशय आणि यकृत बघणं किंवा काही आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासणं, हे दोन्ही रास्त मार्ग आहेत. तोच एएलपी, पण सोबत बिलिरुबिन वाढलंय, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसतोय, उलट्या होताहेत, तर त्याच दिवशी सोनोग्राफी हवी.

यकृत काम किती करतंय हे एन्झाइम सांगत नाहीत. त्यासाठी यकृत जे बनवतं किंवा साफ करतं ते बघावं लागतं: अल्ब्युमिन, ग्लुकोज, कोलेस्टेरॉल, युरिया, बिलिरुबिन. पहिले चार एकदम खाली येऊ लागले तर काळजी खरी, मग एएलटी नॉर्मल का असेना. जुनाट सिरॉसिसमध्ये फुटायला पेशीच उरलेल्या नसतात, त्यामुळे एन्झाइम शांत दिसू शकतात. अशा वेळी बाइल ॲसिडची तपासणी करतात: एक नमुना उपाशीपोटी, दुसरा खाणं दिल्यावर दोन तासांनी.

किडनी: लघवीशिवाय अर्धी गोष्ट

क्रिएटिनिन वाढायला लागतं तेव्हा किडनीची साधारण तीन चतुर्थांश क्षमता गेलेली असते. एसडीएमए ही त्या मानाने लवकर इशारा देणारी तपासणी आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, म्हणून पिळदार कुत्र्यात ते थोडं जास्त असू शकतं आणि हाडं दिसणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्यात किडनी खराब असूनही नॉर्मल दिसू शकतं. युरिया म्हणजे बीयूएन तर त्याहून चंचल: मांसाचं जेवण, पाण्याची कमतरता, आतड्यात वरच्या भागात होणारा रक्तस्राव, कशानेही वाढतो. युरिया वाढलाय, क्रिएटिनिन ठीक आहे आणि शी डांबरासारखी काळी होतेय, तर नजर किडनीवरून पोटाकडे वळवायला हवी.

खरा निकाल लघवीतून लागतो. शरीरात पाणी कमी असताना निरोगी किडनी लघवी घट्ट करते. कुत्र्यात तिचं विशिष्ट गुरुत्व १.०३० च्या वर जातं. क्रिएटिनिन जास्त आणि लघवी घट्ट, तर बहुधा पाणी कमी पडलंय आणि सलाईननंतर आकडे उतरतील. क्रिएटिनिन जास्त आणि लघवी पाण्यासारखी पातळ, तर किडनीचाच संशय बळावतो. हा नमुना सलाईन लावण्याआधी घेतला पाहिजे, नंतर सलाईनमुळे लघवी पातळच येते आणि उत्तर हातचं जातं. दवाखान्यात गडबड असते. आठवण तुम्ही करून द्या.

जुन्या किडनी आजारासाठी ‘आयरिस’ या आंतरराष्ट्रीय गटाच्या पायऱ्या जगभर वापरतात: क्रिएटिनिन (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये) १.४ च्या खाली पहिली, १.४ ते २.८ दुसरी, २.९ ते ५ तिसरी, ५ च्या वर चौथी. पण ही पायरी कुत्रा स्थिर असताना, पाण्याची कमतरता भरून काढल्यावर आणि पुन्हा तपासून ठरवायची असते. उलट्या-जुलाबांनी थकलेल्या कुत्र्याच्या पहिल्याच रिपोर्टवरून स्वतःच पायरी ठरवून हात टेकू नका.

लेप्टोस्पायरा या जिवाणूचा संसर्ग मात्र वेगळं प्रकरण आहे. किडनी आणि यकृत दोन्हींचे आकडे एकदम चढले, प्लेटलेट्स उतरल्या आणि ताप असेल तर तो मनात धरावाच लागतो. लघवीतून तो माणसांनाही होतो, म्हणून निदान होईपर्यंत लघवी साफ करताना हातमोजे घाला.

बाकीचे थोडक्यात. घाबरल्यामुळे ग्लुकोज थोडं वाढू शकतं. मधुमेहात ते सतत जास्त असतं आणि लघवीतही साखर उतरते. कॅल्शियम खरोखरच जास्त असेल तर ते कधीच दुर्लक्षायचं नाही: पुन्हा तपासा, आणि लिम्फोमा (लसिका पेशींचा कॅन्सर) व गुदग्रंथींची गाठ यासाठी कुत्र्याला नीट हाताने तपासून घ्या. अल्ब्युमिन कमी असेल तर एकूण कॅल्शियमही कमी दिसतं, तिथे आयोनाइज्ड, म्हणजे प्रथिनांना न चिकटलेलं मोकळं कॅल्शियम तपासायला सांगा. सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त, तर ॲडिसन; पण आतड्यातल्या चाबूकजंतांनीही अगदी हेच चित्र तयार होतं. टी-४ कमी म्हणजे थायरॉइड, असं लगेच धरू नका. दुसऱ्या कुठल्याही आजारात आणि स्टेरॉइड चालू असताना तो खाली जातो.

कागद बाजूला ठेवून कुत्र्याकडे बघा. हिरड्या पांढऱ्याफटक किंवा पिवळ्या, लघवी चहाच्या रंगाची, नाकातून रक्त, पोट ताठ फुगलेलं, उठताना कोसळणं, लघवी पूर्ण बंद होणं, यातलं काहीही असेल तर रिपोर्ट कसाही असो, डॉक्टरांकडे लगेच न्या.

तसं काही नसेल तर भेटीची तयारी करा. गेल्या दोन-तीन महिन्यांत दिलेली सगळी औषधं लिहून काढा, त्यात कानाचे थेंब, मलम, ताकदीच्या पावडरी सगळं आलं. एक दिवस पाणी मोजून द्या. दिवसाला किलोमागे १०० मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी पीत असेल तर ती माहिती कित्येक तपासण्यांच्या तोडीची आहे. जुने रिपोर्ट सोबत न्या. क्रिएटिनिन दोन वर्षांपूर्वी ०.७ होतं आणि आता १.३ आहे, तर दोन्ही वेळा लाल अक्षर नसूनही ती जवळपास दुप्पट वाढ आहे आणि डॉक्टरांना ती दिसली पाहिजे. म्हणूनच कुत्रा धडधाकट असताना वर्षातून एकदा केलेली तपासणी पुढे फार कामाला येते.

आणि डॉक्टरांना विचारा: यातला कुठला आकडा तुम्हाला काळजीचा वाटतो? तो नमुन्यामुळे किंवा औषधामुळे बदलू शकतो का? पुढची कुठली तपासणी केल्याने उपचार बदलतील? पुन्हा रक्त कधी घ्यायचं? फेरतपासणी शक्यतो त्याच लॅबमध्ये आणि तशीच उपाशीपोटी करा. चालू असलेलं औषध डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मध्येच थांबवू नका, विशेषतः स्टेरॉइड आणि फिट्सची गोळी. दोन्ही अचानक बंद केल्याने होणारा त्रास मूळ आकड्यापेक्षा मोठा ठरू शकतो.